खालच्या बाकापासून

वकीलबाईंच्या कचेरीत भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग होती आणि तीत बसलेली माणसे एकमेकांकडे पाहत नसत. रुग्णालयात शेजारच्याला काय झाले आहे ते सहज विचारता येते. येथे तशी सोय नव्हती, कारण येथे येणाऱ्या प्रत्येकाला एकच व्याधी होती. बाइंडर आणि त्यांची पत्नी रांगेच्या टोकाला बसले होते. आयुष्यभर पुस्तके बांधलेल्या त्या माणसाची बोटे मांडीवर स्वस्थ राहत नव्हती. ती नसलेल्या कागदाच्या घड्या घालीत होती.

आत बोलावणे आले तेव्हा पत्नी आधी उठली.

"काका, घाबरू नका," वकीलबाई म्हणाल्या. वयाने त्या बाइंडरांना मुलीसारख्याच होत्या. "नादारीचा अर्ज म्हणजे चोरीची कबुली नव्हे. आपण न्यायालयाला सांगायचं, माझ्याकडे आहे ते एवढं, देणं आहे ते एवढं, आणि यापुढे माझ्याने होत नाही. न्यायालय एक अधिकारी नेमतं. तो असेल नसेल ते विकून सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटतो. उरलेलं कर्ज पुसलं जातं."

"म्हणजे दिवाळं," बाइंडर म्हणाले.

"लोक तसं म्हणतात. लोक काहीही म्हणतात."

"आणि दारात येऊन बसतात ती माणसं?" पत्नीने विचारले.

"अर्ज दाखल झाला की बंद. त्यानंतर कुणी दार वाजवलं तर मला फोन करायचा, काकू. मी बघते त्याच्याकडे."

"तुम्ही नुसतं बघितलंत तरी पळेल तो," पत्नी म्हणाली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी ती हसली होती. बाइंडरांच्या मनात आले, या हसण्यासाठी दिवाळे काढायला हरकत नाही. बँकेच्या कर्जाने त्यांनी बांधणीचे मोठे स्वयंचलित यंत्र आणले होते आणि ते आणल्यावर वर्षा-दोन वर्षांत ज्या कचेऱ्यांच्या वह्या ते बांधीत त्या कचेऱ्यांनी वह्याच बंद केल्या. यंत्र गेले, कारखाना गेला; कर्ज तेवढे राहिले आणि व्याज खात वाढत राहिले. आता ते दुसऱ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर पुठ्ठे चिकटवीत होते.

"एक विचारायचं राहिलं," वकीलबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षभरात कुणाचं देणं फेडलंत का? थोडंथोडकं नव्हे, पूर्ण?"

बाइंडरांची मान त्या दिवशी प्रथमच वर झाली. "फेडलं तर! कामावरच्या बायकांच्या ठेवी फेडल्या. वडिलांचं लोखंडी दाबयंत्र होतं, ते बँकेकडे गहाण नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा, हिवाळ्यात, ते विकलं आणि एकेकीची ठेव तिच्या हातात दिली."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

त्यांच्या कारखान्यात ती रीतच होती. पगाराच्या दिवशी वाटपाला आरंभ दाराजवळच्या सर्वांत खालच्या बाकापासून होई. तेथे खळ शिजवणाऱ्या मावशी बसत. मैदा चाळावा, पाण्यात कालवावा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालावा आणि गुठळी होऊ न देता ढवळीत राहावे, हे त्यांचे काम. ते त्या अशा एकाग्रतेने करीत की त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. त्यांच्यानंतर घड्या घालणाऱ्या, मग शिलाई करणाऱ्या, मग पुठ्ठेवाल्या, मग कटिंग यंत्रावरचा मास्तर, आणि सर्वांच्या शेवटी मालक. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याचा हात प्रथम भरावा, असे बाइंडरांच्या वडिलांनी ठरविले होते आणि ती व्यवस्था त्यांनी पूजाविधीसारखी पाळली होती. घरी नेलेला पैसा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती जातो म्हणून बायका पगारातला काही भाग मालकांपाशीच ठेवीत. मास्तरही ठेवी. दाबयंत्र विकून पैसे आले तेव्हा बाइंडरांनी विचार केला नाही. त्यांचे पाय आपोआप खालच्या बाकाकडे वळले. पैसे पुठ्ठेवाल्यांपर्यंत पुरले. मास्तरापर्यंत पुरले नाहीत.

"कायदा याला पक्षपात म्हणतो," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर मृदू होता आणि म्हणूनच बाइंडरांना तो अधिक लागला. "सगळ्यांना पुरेल एवढं तुमच्याकडे नव्हतं. त्या वेळी तुम्ही काहींना पूर्ण दिलंत आणि बाकीच्यांना काहीच नाही. तो अधिकारी हे पैसे परत मागेल."

"मागू दे. मी फेडीन हळूहळू."

"तुमच्याकडून नाही, काका. त्या बायकांकडून."



"आणि हे सांगितलंच नाही तर?" पत्नीने विचारले.

"शपथेवर लिहून द्यायचं असतं, काकू. शिवाय आता मी ऐकलंय."

"मग दुसरा मार्ग?"

"थांबायचं. पैसे दिल्याला वर्ष उलटलं की ते व्यवहार कुणी उकरत नाही. येता हिवाळा सरल्यावर अर्ज करता येईल. पण तोवर बँक हातावर हात ठेवून बसणार नाही. रोजीतला हिस्सा कापला जाईल, घरातल्या सामानावर जप्ती येईल, आणि दारातली माणसं दारातच राहतील." वकीलबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "मी सल्ला देऊ शकते. ठरवायचं तुम्ही."

घरी परतले तेव्हा वसुलीवाला जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो कधी ओरडत नसे. शेजारच्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात तो फक्त विचारपूस करी.

"या काका! तब्येत बरी ना? जपा हो तब्येतीला. तुमच्याकडून आमचं बरंच यायचंय!" मग पत्नीकडे वळून, "काकू, यांना जिना चढायला लावू नका, खालच्या मजल्यावर घर घ्या!"

समोरचे दार किंचित उघडले आणि मिटले.

आत येऊन पत्नीने कडी लावली, वरची खिटी लावली आणि मग पुन्हा कडी चाचपून पाहिली. ही तिची नवी सवय होती. बाइंडर पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"मावशींना पैसे दिलेत तेव्हा मी अडवलं होतं का?" तिने विचारले.

"नाही."

"उलट मीच म्हटलं होतं, आधी त्यांचं द्या. मग आज मी सही करा म्हटलं तर मी वाईट ठरते का?"

"कुणी वाईट म्हटलं तुला?"

"तुम्ही बोलत नाही तेव्हा जास्त बोलता." ती खुर्चीवर बसली. "मला काही श्रीमंत व्हायचं नाही हो. दार वाजलं तर दूधवाला असेल असं मनात यावं, एवढंच. परवा खरंच दूधवाला होता आणि मी मोरीत जाऊन लपले. या वयात! तो बिचारा दूध ठेवून गेला आणि मांजराने सांडलं. हसा ना, हसण्यासारखंच आहे."

बाइंडर हसू शकले नाहीत. आपण या बाईला काय दिले, हा हिशेब त्यांनी मनात मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते खळमावशींकडे गेले. काय बोलायचे ते त्यांनी ठरविले नव्हते. पैसे अजून शिल्लक असतील, निदान काही असतील, अशी एक दुबळी आशा मात्र मनाच्या तळाशी होती.

मावशींची खोली एका लांब व्हरांड्याच्या शेवटी होती. एक पलंग, एक शेगडी, आणि मावशींनी स्वतः चुना लावलेल्या भिंती. चुन्याचे फटकारे खळीच्या कुंचल्यासारखे आडवे, एकसारखे, कोठेही न तुटलेले. बाइंडरांनी ते लगेच ओळखले.

"मालक! बसा, पलंगावर बसा. मोडणार नाही, नवा आहे." मावशींनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "हे काय हो? मैदा न चाळता केलेल्या खळीसारखा चेहरा झालाय. गुठळ्याच गुठळ्या."

"काम जास्त असतं."

"तुम्हाला काय बाई सांगू, मालक, ही खोली म्हणजे... मुलाकडे मी स्वयंपाकघरात निजायची. सून पहाटे चहाला उठली की माझ्या अंगावरून ओलांडून जायची. बोलायची नाही हं काही, चांगली आहे पोर. पण ओलांडून जायची. आता इथे मला भेटायला येते ना, तर दार वाजवून येते!" मावशी मोठ्याने हसल्या. "मी मुद्दाम जरा उशिराने उघडते."

"खोलीसाठी सगळी ठेव दिलीत?"

"सगळी. त्याशिवाय म्हातारीला कोण खोली देतो? आता भाडं नाममात्र आहे, शिलाईच्या बायकांचं थोडं काम घेते, त्यात भागतं."

"आणि मध्येच सोडली तर? ते पैसे परत मिळतात?"

"बुडाले. तसा कागदच झालाय." शेगडीवर आधण ठेवता ठेवता त्या थांबल्या. "का हो?"

"सहज विचारलं," बाइंडर म्हणाले.

त्यांनी चहा घेतला. मावशींनी बशी पुढे केली तेव्हा त्यांचा हात मोरचुदाने निळसर झालेल्या नखांसह दिसला. ते निळेपण आता कधीच जाणार नव्हते. बाइंडर निरोप घेऊन निघाले आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत मावशी दारात उभ्या आहेत हे त्यांना मागे न पाहताही कळत होते.

मास्तर भेटायला आला तो त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत. बाइंडर नव्या कारखान्याच्या मागच्या अंगणात कागदाच्या कातरणांच्या गोण्यांपाशी डबा उघडून बसले होते. मास्तर उभाच राहिला. त्याने आयुष्यभर कटिंग यंत्राचे पाते खाली आणले होते आणि त्याचे बोलणेही तसेच होते. एकदा निघाले की मध्ये थांबत नसे.

"जेवा, मालक."

"आता मालक म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? माझे पैसे देणं लागता तुम्ही. त्या नावाने हाक मारू?"

बाइंडरांनी डबा मिटला. "तुझं मी बुडवणार नाही."

"बुडालंच आहे. मी भांडायला आलो नाही. एक विचारायचं होतं. खालच्या बाकापासून वाटायची रीत चांगली होती, मीही कौतुक करायचो. पण पगार शेवटच्या माणसापर्यंत पुरायचा म्हणून ती चांगली होती. पुरणार नाही हे ठाऊक असलेल्या पैशांना तुम्ही तीच रांग लावलीत, तेव्हा मी रांगेत होतो की रांगेबाहेर?"

"तुझ्या हातात कसब आहे. तुला कुठेही काम मिळेल. त्या बायकांना..."

"मिळालं. कागदवाल्या शेठच्या गोदामात यंत्र चालवतो. पण माझी ठेव कशासाठी होती हे तुम्ही कधी विचारलंत?"

बाइंडरांनी विचारले नव्हते. बायकांच्या ठेवी कशासाठी आहेत हे त्यांना तोंडपाठ होते. कोणाच्या मुलीचे शिक्षण, कोणाचे डोळे, कोणाची खोली. मास्तराचे त्यांना ठाऊक नव्हते.

"कशासाठी होती?"

"आता नाही सांगणार." मास्तराने गोणीतले एक कातरण उचलले, त्याची कड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि टाकून दिले. "पातं बोथट आहे यांचं. अर्ज करा, मालक. दिवाळं काढा. रुपयातले चार आणे येतील, पण माझ्याही हातात येतील. शेठचंही तेच म्हणणं आहे, त्यांच्याही कागदाचे पैसे तुमच्याकडे अडकलेत."

तो गेल्यावर बाइंडरांनी डबा पुन्हा उघडला नाही. आपले वर्तन धर्म्य होते याविषयी त्यांना आजवर संशय नव्हता. बँक, वसुलीवाला, शेजाऱ्यांची मिटलेली दारे, या सर्वांपुढे तेवढा एकच आधार त्यांच्यापाशी होता. मास्तराने तोही हिरावून नेला, आणि तो खोटे बोलला असेही म्हणवेना.

तरीही त्या संध्याकाळी त्यांनी ठरविले. धर्म आणि अधर्म यांचा निवाडा त्यांना करता येईना, तेव्हा त्यांनी लहानसा प्रश्न घेतला: आपल्या सहीने कोणाच्या घरातले काय जाईल. मास्तराचे गेलेले त्यांच्या सहीने पूर्ण परत येणार नव्हते. मावशींपाशी परत द्यायला त्या खोलीशिवाय काही नव्हते; ती मात्र त्यांच्या सहीने जाणार होती.

"थांबू या," ते पत्नीला म्हणाले. "हिवाळा सरेपर्यंत."

ती कपड्यांच्या घड्या घालीत होती. हातातली घडी पूर्ण करून तिने ती ढिगावर ठेवली आणि दुसरे कापड उचलले.

"म्हणजे मावशींना दार, आणि मला दारावरची थाप," ती म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच आहे. चुकीचं आहे असं कुठे म्हणते मी? मलाही त्या पलंगावर बसवून चहा पाजला असता तर मीही हेच ठरवलं असतं. म्हणून तर मी तिकडे गेले नाही." दुसरी घडीही तिने ढिगावर ठेवली. "करा थांबायचं. पण दोघांनी मिळून ठरवलं असं कुणाला सांगू नका. तेवढं खोटं माझ्या अंगावर नको."

त्यानंतर ती त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलली, तिने वाढले, औषधाची आठवण केली. आणि बाइंडरांना कळले की अबोला यापेक्षा सहज सोसवला असता.

ते निर्णय कळवायला गेले तेव्हा वकीलबाई दारापर्यंत उठून आल्या. रांगेतल्या इतरांना थांबवून त्यांनी दोघांना आधी आत घेतले.

"काका, मीच फोन करणार होते. अर्ज दाखल झालाय."

"मी सही केलेली नाही."

"तुमचा नव्हे. ज्यांचं येणं आहे त्यांनाही अर्ज करता येतो, अमुक माणूस नादार आहे असं जाहीर करा म्हणून. कागदवाल्या शेठनी केलाय. सोबत दुसरं नाव तुमच्या कटिंगमास्तरांचं आहे. दाबयंत्र कधी विकलं, पैसे कुणाकुणाला दिले, सगळं त्यात आलंय. वर्ष मोजलं जाईल ते आता याच अर्जापासून मागे. हिवाळ्याची वाट पाहून उपयोग नाही."

"पण मी ठरवलं होतं," बाइंडर म्हणाले. "आम्ही थांबणार होतो."

"त्याला आता अर्थ उरला नाही, काका."

"त्यांनी चूक केलं?"

"त्यांच्या जागी माझ्याकडे कुणी आलं असतं, तर मी हाच सल्ला दिला असता."

"मग आता दारात कुणी येणार नाही?" पत्नीने हलक्या आवाजात विचारले.

"न्यायालयाने अर्ज आजच दाखल करून घेतलाय. नाही, काकू. कुणी नाही."

पत्नीने डोळे मिटले. तिचे खांदे, जे इतके महिने कानांशी चढून बसले होते, हळूहळू खाली आले. बाइंडरांनी ते पाहिले. काही निवडायचे उरले नव्हते. त्यांनाही सुटल्यासारखे वाटले. कर्ज झाले, कारखाना गेला, जिन्यात अपमान झाला, त्या सर्वांची मिळून त्यांना जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या सुटकेची वाटली.

"मावशींना नोटीस जाईल त्याआधी मी सांगतो," ते म्हणाले.

"मीही येते," पत्नी म्हणाली.

मावशींनी दोघांना पाहून पलंगावरची चादर ओढून नीट केली आणि शेगडीकडे वळल्या. "बसा मावशी, चहा नको," पत्नी म्हणाली, आणि बाइंडर शब्द शोधीत असताना तिनेच सारे सांगितले. तिने काही लपविले नाही, काही मऊ केले नाही. मावशी मधूनमधून बाइंडरांकडे पाहत राहिल्या, जणू ती बोलते त्याचा अर्थ त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेला असावा.

"म्हणजे तुम्ही दिलंत ते माझं नव्हतं?" शेवटी त्यांनी विचारले.

"तुमचंच होतं, मावशी," बाइंडर म्हणाले.

"मग परत कसं मागतात?"

"सगळ्यांना सारखं मिळायला हवं म्हणून. पैसे थोडे होते. काहींना पूर्ण मिळाले, काहींना मिळालेच नाहीत."

"कुणाला नाही मिळाले?"

"मास्तराला."

मावशींनी पदराने कोरडेच हात पुसले. "मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यांना मिळाले." मग त्यांची नजर चुन्याच्या भिंतींवरून फिरली. "वकील करता येतो का याला?"

"येतो. पण फार उपयोग होईल असं..." बाइंडरांनी वाक्य पूर्ण केले नाही.

"मुलाला विचारावं लागेल," मावशी म्हणाल्या. पण तो विचार त्यांनी लगेच सोडून दिल्याचे दिसले. "ती नोटीस घरी येते का?"

"हो. इथेच येईल."

"मला वाचता येत नाही. शेजारचे वाचतील, पण मग व्हरांडाभर होईल." त्या उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या; दोघांनी आता जावे असे त्यांना वाटत होते. "आली की निरोप धाडीन. तुम्ही या वाचायला."

"येईन," बाइंडर म्हणाले.

"आणि हळू वाचा, मालक. घाईने वाचलं की मला समजत नाही."